महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मतदार यादी : नाव कोठे व कसे नोंदवावे

मालवण किनारपट्टीवरील आपल्या धर्मग्रामांतून बारावीनंतर शिक्षणासाठी बाहेर पडणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. काहीजण मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात किंवा कुडाळ-सावंतवाडीच्या महाविद्यालयांत जातात आणि सायंकाळी घरी परततात. इतर मात्र कोल्हापूर, गोवा, पुणे, मुंबई येथे वसतिगृहात अथवा नातेवाइकांकडे राहतात आणि गणेशचतुर्थीची सुटी, नाताळ व मे महिना एवढ्यापुरतीच गावी येतात. वयाची १८ वर्षे नेमकी याच काळात पूर्ण होतात. मताधिकार मिळणे आणि घर सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्यामुळे पुष्कळांचे पहिले मत वाया जाते. कोणाचे नाव यादीत नसते, तर कोणाचे नाव गावच्या यादीत असते आणि मतदानाच्या दिवशी ती व्यक्ती दादरला किंवा ताळगावला असते. म्हणून नमुना ६ हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर घरच्यांशी बोलून ठरवावे : आपण मतदार कोठले व्हायचे?

अठरा वर्षांचा अधिकार

आज १८ वर्षांचा तरुण मत देतो हे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु हा अधिकार तुलनेने अलीकडचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मूळ वयोमर्यादा २१ वर्षांची होती. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आली व २८ मार्च १९८९ पासून अंमलात आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील लोकसभा निवडणुकीत १८ ते २० वयोगटाने प्रथमच मतदान केले. तेव्हा आपला मतदारसंघ राजापूर या नावाने ओळखला जात असे आणि बॅरिस्टर नाथ पै यांच्यानंतर १९७१ पासून तेथून प्रा. मधु दंडवते निवडून येत होते. आपल्या धर्मग्रामांतील आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचे पहिले मत त्या निवडणुकीतले असेल.

त्याही मागे गेल्यास आणखी एक गोष्ट आढळते. १९३५ च्या कायद्यानुसार ज्या निवडणुका झाल्या, त्यांत मुंबई प्रांतात भारतीय ख्रिस्ती मतदारांसाठी स्वतंत्र जागा होत्या. मात्र मत देण्यास मालमत्ता, शिक्षण यांसारखी पात्रता लागत असे. मालवण ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडी संस्थान असल्यामुळे प्रांतिक विधिमंडळासाठी तेथील प्रजेला मतच नव्हते. घटना समितीत राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा एच. सी. मुखर्जी व फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या ख्रिस्ती सभासदांनी आपल्या समाजासाठी अशा जागांचा आग्रह सोडला. अनुच्छेद ३२५ नुसार आज प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणालाही तीतून वगळता येत नाही. आपले सारे प्रतिनिधित्व त्या एका यादीवर अवलंबून आहे. यादीत नाव नसले तर दुसरा मार्ग उरत नाही.

घर की वसतिगृह?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० प्रमाणे मनुष्य जेथे 'सर्वसाधारणपणे राहतो' तेथे त्याची नोंद होते. काही काळासाठी घरापासून दूर गेल्याने हे रहिवासीपण संपत नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवडणूक आयोगाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. तो आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नोंद करू शकतो किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर. वसतिगृहाचा पत्ता द्यावयाचा असल्यास अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व किमान एक वर्षाचा असावा लागतो, आणि प्राचार्य, कुलसचिव, संचालक किंवा अधिष्ठाता यांचे ठरावीक नमुन्यातील बोनाफाईड प्रमाणपत्र अर्जाला जोडावे लागते. विद्यापीठ गोव्यात असले तरी हरकत नाही. मात्र मग आपण गोव्याचे मतदार होतो व सिंधुदुर्गातील मत सोडून देतो.

दोन्ही ठिकाणी नाव ठेवता येत नाही. कलम १७ व १८ नुसार एकाच व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही, आणि अर्जात खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गावातलं असू दे, इथलंही करून घे' असा सल्ला वडीलधारी माणसे प्रेमाने देतात. तो ऐकू नये.

निवड कशी करावी, याबद्दल २०२४ ची दोन उदाहरणे बरेच सांगून जातात. लोकसभेसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचे मतदान ७ मे २०२४ रोजी झाले. त्याच दिवशी कोल्हापूर व गोवा येथेही मतदान होते, मुंबईत मात्र ते २० मे रोजी झाले. म्हणजे पणजीत किंवा कोल्हापुरात शिकणाऱ्या मालवणच्या मुलीला सुटी होती व घर काही तासांवर होते. मुंबईत शिकणाऱ्या तिच्या भावाला त्या दिवशी तेथे मतदानाची सुटी नव्हती आणि मे महिन्यातील कोकणकन्या व तुतारी यांचे आरक्षण चाकरमान्यांनी कधीच भरून टाकले होते. निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली, मतदानाला ५२ दिवस होते, आणि त्या काळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे! १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे, त्यामुळे पुढच्या खेपेस थोडी आशा बाळगता येईल. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यभर एकाच दिवशी झाले आणि त्याची घोषणा १५ ऑक्टोबरला, म्हणजे केवळ ३६ दिवस आधी झाली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय नाही. ती सैन्यदलातील मतदार, निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेले मतदार अशा मोजक्या वर्गांसाठी आहे. आपण प्रत्यक्ष केंद्रावर पोहोचलो तरच मत पडते.

आमचे मत असे की, जो एका दिवसात जाऊन-येऊन घरी मत देऊ शकतो त्याने गावचेच मतदार राहावे. विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपरिषद यांच्या याद्या तयार होतात आणि काही शे मतदारांच्या ग्रामपंचायत प्रभागात एका कुटुंबाची चार मते निकाल फिरवू शकतात. किनाऱ्यावरचा रस्ता, नळाचे पाणी, मासळी उतरवण्याची जागा हे विषय अनेकदा तेथेच आधी येतात. परंतु ज्याला चार-पाच वर्षे मुंबई-पुण्यातच काढावयाची आहेत व जो मतदानासाठी येणार नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे, त्याने केवळ गावाच्या ओढीने तेथे नाव अडकवून ठेवू नये. शहरातील मतही हलके नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. एका वसतिगृहाच्या एका मजल्यावर याहून अधिक मुले राहत असतील.

अर्ज केव्हा करावा

पूर्वी १ जानेवारी हा वर्षातील एकच अर्हता दिनांक होता. २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आहेत. उदाहरणार्थ, १५ ऑगस्ट २००८ रोजी जन्मलेला विद्यार्थी १ ऑक्टोबर २०२६ च्या अर्हता दिनांकास पात्र ठरतो. शिवाय १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्या-त्या तिमाहीत वय पूर्ण झाले की त्यावर कार्यवाही होते. म्हणजे बारावीत असतानाच, घर सोडण्यापूर्वी, आईवडिलांच्या देखरेखीखाली हे काम उरकून घेता येते.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की उमेदवारी अर्ज दाखल करण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत कोणतेही नाव वाढवता येत नाही. ७ मे २०२४ च्या मतदानासाठी ती तारीख १९ एप्रिल होती. त्याआधी हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून अर्ज त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोहोचावा लागतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो व तेथे तारखेचा हिशोब वेगळा असतो. आयोग एक दिवस ठरवतो आणि त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी प्रभागांनुसार विभागली जाते. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या नगरपरिषद निवडणुकांसाठी हा दिवस १ जुलै २०२५ होता. ऑगस्टमध्ये १८ वर्षांचा झालेला मालवण शहरातील तरुण डिसेंबरमध्ये मत देऊ शकला नाही, त्याने अर्ज कितीही तत्परतेने केला असला तरी. हे अनेकांना अन्यायाचे वाटले आणि तसे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु पुढील खेपेस त्यावर उपाय एकच, अर्ज लवकर करणे.

नमुना ६ आणि आपली नावे

प्रथमच नोंद करणाऱ्याने नमुना ६ भरावा. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर भरता येतो, किंवा कागदावर भरून गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, अथवा तहसीलदार कार्यालयात देता येतो. बीएलओ बहुधा गावातील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि घरचे त्यांना ओळखतात. मालवण तालुका कुडाळ विधानसभा मतदारसंघात येतो, देवगड कणकवलीत आणि वेंगुर्ले सावंतवाडीत, हे अर्ज भरताना लक्षात ठेवावे. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी मालवण नावाचा मतदारसंघ होता, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून तेच नाव येते.

जन्मतारखेसाठी जन्म-मृत्यू निबंधकाचा दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, किंवा जन्मतारीख नमूद असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र यांपैकी एक चालते. धर्मग्राम कार्यालयातून मिळणारा बाप्तिस्म्याचा दाखला या यादीत नाही. आपल्याकडे लग्नापासून पारपत्रापर्यंत प्रत्येक वेळी तो शोधला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पत्त्यासाठी निदान वर्षभर चालू असलेल्या जोडणीचे वीज, पाणी वा गॅसचे बिल, आधार, बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, पारपत्र, सातबारासारखा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार वा खरेदीखत ग्राह्य आहे. ते अर्जदाराच्या किंवा आईवडिलांच्या नावे असावे. कोकणात घराचे बिल आजोबांच्या, कधी परदेशी गेलेल्या काकांच्या नावे येते. अशा वेळी आईचे वा वडिलांचे आधार किंवा पासबुक द्यावे. यांतील काहीच नसल्यास बीएलओ घरी येऊन खातरजमा करतो, तेव्हा घर बंद नसावे. कुटुंबातील कोणाचे मतदार ओळखपत्र असल्यास त्याचा क्रमांक अर्जात लिहावा. त्यामुळे एका घरातील नावे यादीत एकत्र राहतात.

सर्वाधिक गोंधळ नावांत होतो आणि तो आपल्याच समाजात विशेष होतो. बाप्तिस्म्याच्या वहीत पेद्रू, शाळेत पीटर. आजीच्या तोंडी मारी, दहावीच्या प्रमाणपत्रावर मारिया. आडनाव एका कागदावर डिसोजा, दुसऱ्यावर डिसोझा, तिसऱ्यावर तोडून 'डी सोझा'. फर्नांडिस व रॉड्रिग्ज यांचीही तीच कथा. यादी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत निघते आणि संकेतस्थळावर इंग्रजी नाव टाइप करताच संगणक त्याचे देवनागरी रूप स्वतः तयार करतो. ते रूप पुष्कळदा विचित्र असते. ते तसेच पुढे जाऊ देऊ नये, हाताने दुरुस्त करावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानावे, वडिलांचे नाव त्यांच्या स्वतःच्या मतदार ओळखपत्राप्रमाणे लिहावे आणि तेच शब्दलेखन पुढे सर्वत्र ठेवावे. एका अक्षराच्या फरकाने मत नाकारले जात नाही, परंतु यादीत नाव शोधताना ते सापडत नाही, आणि मग 'माझे नाव गाळले' अशी समजूत होते.

अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. ही तरतूद फार कमी लोक वापरतात.

पत्ता बदलल्यास पुन्हा नमुना ६ भरू नये. स्थलांतर, चुकीची दुरुस्ती व हरवलेले ओळखपत्र या सर्वांसाठी १ ऑगस्ट २०२२ पासून नमुना ८ आहे. पदवी संपवून गावी परतणाऱ्यांनी, तसेच लग्नानंतर दुसऱ्या धर्मग्रामात गेलेल्या मुलींनी तोच भरावा. आखातात किंवा अन्यत्र परदेशी असलेल्या भारतीय नागरिकांसाठी नमुना ६-अ आहे. त्यांनाही मत देण्यासाठी पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. ज्यांनी पोर्तुगीज वा अन्य नागरिकत्व स्वीकारले ते भारताचे नागरिक राहत नाहीत आणि परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, ज्याला ओसीआय म्हणतात, ते असले तरी मताधिकार नाही. गोव्याशी नाते असलेल्या काही घरांत याविषयी गैरसमज आढळतो.

काही राज्यांत यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. गोव्यात ते ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाले. अशा वेळी आपले किंवा आईवडिलांचे नाव जुन्या यादीत कोठे होते हे विचारले जाते, म्हणून घरच्यांच्या नावाचे यादीतील जुने पान मिळाल्यास त्याची प्रत विद्यार्थ्याने जवळ ठेवावी.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र हाती असणे म्हणजे यादीत नाव असणे नव्हे. स्थलांतर, दुबार नोंद किंवा चुकीच्या हरकतीमुळे नाव निघालेले असू शकते. निवडणूक जाहीर होताच संकेतस्थळावर किंवा बीएलओकडे आपला यादी भाग व अनुक्रमांक पाहून घ्यावा. उलटपक्षी, नाव यादीत आहे पण मतदार ओळखपत्र हरवले आहे, तर लोकसभा-विधानसभेसाठी आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्रासह पासबुक अशा कागदपत्रांवर मतदान करता येते. महाविद्यालयाचे ओळखपत्र मात्र त्यांत नाही आणि घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून एकटी पुरेशी नाही. विद्यार्थी नेमके हेच दोन कागद घेऊन रांगेत उभे राहतात. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोग ओळखपत्रांची स्वतंत्र यादी काढतो, ती त्या वेळी पाहावी.

केंद्रात पहिला अधिकारी नाव व ओळख तपासतो, दुसरा डाव्या तर्जनीस शाई लावून नोंदवहीत सही घेतो, तिसरा यंत्र सुरू करून देतो. उमेदवारापुढील निळे बटण दाबल्यावर शेजारच्या खिडकीत सुमारे सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहावी. कोणीच पसंत नसल्यास 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ पासून आहे. मोबाइल आत नेता येत नाही. एकट्याने प्रवास करून आलेल्यांनी तो कोणाकडे ठेवायचा हे आधी ठरवावे.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यास परत फिरू नये. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून दिल्यास 'प्रदत्त मत' म्हणून वेगळी मतपत्रिका मिळते. मतदान संपण्याच्या वेळी जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या दिल्या जातात व त्या सर्वांचे मत घेतले जाते, त्यामुळे गाडी उशिरा पोहोचली तरी वेळ संपण्यापूर्वी रांग गाठावी.

धर्मग्रामातील युवक मंडळांनी मिस्सेनंतर अर्ज भरण्यास मदत करणे, बीएलओंना बोलावणे, नावांचे शब्दलेखन तपासून देणे हे सर्व योग्यच आहे. मत कोणाला द्यावे हे मात्र त्या टेबलावर बोलले जाऊ नये. धर्माच्या आधारे मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ च्या निकालात त्याचा व्यापक अर्थ बहुमताने मान्य केला आहे.

नाव, केंद्र किंवा अर्जाच्या स्थितीविषयी शंका असल्यास १९५० या मतदार मदत क्रमांकावर विचारता येते. गावच्या बीएलओचे नाव तेथून किंवा तहसीलदार कार्यालयातून कळते.